कानसुलोबाईचा हेवा

॥ श्री ॥
माले, ता. मुळशी
१० नोव्हेंबर २०२४

चि. गौतमीस,
आईचे आशीर्वाद. हितं समदी बरी हायेत. तू बरी हायेस हे तुज्या पत्रावरनं दिसलंच.

पत्र दिवाळी सरल्यावर आलं. निरंजन म्हनला, आई, फोन असताना तुमा मायलेकींचं ह्ये पत्राचं खूळ काय हाय? मी म्हनलं, तुजी बहीन अमेरिकेत गेल्यापासनं फोनवर जेवलीस का नि झोपलीस का ह्याच्या पुढं जात न्हाई, नि तेवढ्याला बी समदं घर कान लावून बसतंय. पत्रात ती बोलती. मी सातवीपतुर शिकले त्याचा येवढा तरी उपयोग हुतोय. तर त्यो हसला, आन् पौडच्या पोस्टात टाकून यीन म्हनला.

भात कापून झालं. झोडनी चालू हाय. आबांचं गुडघं कुरकुरत्यात, पन ऐकत न्हाईत. चंद्री म्हैस व्याली, रेडी झाली. सायली सून म्हनून आली, आता लेकीसारखी राबतीया.

आता तुज्या पत्राचं. चार पानी पत्र हाय. त्यात आबांचं नाव एकदा, माजं दोनदा, आन् त्या बाईचं अकरा वेळा. मी पेन्सिलीनं खुना केल्यात. कोन ही तुजी कानसुलो? नाव तरी काय, कुनी कानसुलात लगावल्यासारखं! तू तिच्या घरात खोली घेतलीस, ठीक. ती तुला मक्याच्या भाकरी करून घालती, ठीक. पन दिवाळीचा पयला दिवा तू तिच्या उंबऱ्यात लावलास नि तिला ववाळलंस, ह्ये मला लिहून कशापायी कळवलंस? मी आपली हितं तुज्या वाट्याचा दिवा तुळशीपाशी लावून बसले हुते.

आन् ती तुला सकाळच्या पारी हाकू म्हनती, तू बी तिला हाकू म्हनतीस, तिच्या लोकांत त्यो नमस्कार हाय म्हनं. आमच्याकडं हाकू म्हनलं की बैल उठून चालाय लागतोय. सायलीला वाचून दाखवलं तर ती हसून हसून चुलीपुढं बसली. मला काय हसू आलं न्हाई.

तू लिहितीस की ती तुला मुलीसारखी मानती. मानू दे. तिला सांग, मूल हुतं तवा तीन दिस कळा काढल्या त्या बाईचं नाव सारजाबाई हाय.

डोळ्याचं आपरेशन ९ डिसेंबरला ठरलंय. मोतीबिंदू हाय, घाबरायचं काम न्हाई. येशील का, असं मी इचारत न्हाई.

लोभ कमी झालाय का त्ये तूच बग नि कळव.
तुजी,
आई


सांता बार्बरा, कॅलिफोर्निया
२७ नोव्हेंबर २०२४

ति. आईस,
साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. पेन्सिलीच्या खुणांचं वाचून आधी हसले, मग मनातल्या मनात मीही मोजायला लागले.

डिसेंबरात येणं जमत नाही गं. तीन वर्षांच्या प्रकल्पातलं पहिलं वर्ष संपतंय आणि अहवाल मलाच लिहायचा आहे. सायली जवळ आहे म्हणून मी निर्धास्त आहे. नऊ तारखेला फोन करीनच.

आता कोन्सुएलोबाईंबद्दल नीट सांगते, म्हणजे तुझा गैरसमज जाईल. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्या. त्या चुमाश आहेत. हा सगळा किनारा आणि समोर समुद्रात दिसणारी बेटं मूळची चुमाश लोकांची. ते लाकडाच्या फळ्या सांधून होड्या बनवत आणि त्यांच्या फटी डांबराने बुजवत. ते डांबर इथल्या किनाऱ्यावर आपोआप वर येतं. फिरून आलं की तळपाय काळे होतात आणि तेल चोळल्याशिवाय निघत नाही. पुढे स्पॅनिश लोक आले, त्यांची चर्चं आली, रोगराई आली, मग इंग्रजी शाळा आल्या. लोक उरले, आजही आहेत, पण भाषा गेली. भाषा म्हणजे एक नव्हे, सहा-सात होत्या, एकमेकींच्या बहिणी म्हणता येतील अशा. इथल्या किनाऱ्यावरची भाषा लहानपणापासून बोललेली शेवटची बाई १९६५ साली वारली.

पण कागद उरले. शंभर वर्षांपूर्वी एक विक्षिप्त अभ्यासक म्हाताऱ्या माणसांपाशी बसून शब्द, गोष्टी, गाणी उतरवून घेत असे. दुसऱ्या कुणा अभ्यासकाला पत्ता लागू नये म्हणून तो आपले कागद लपवून ठेवायचा. हेव्याला शिकलेली माणसंही अपवाद नसतात, बघ! त्याचं अक्षर भयंकर आहे. ते लावून, टंकून, नीट रचून देणं हे माझं काम. दर बुधवारी कोन्सुएलोबाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती सात माणसं जमतात आणि त्या कागदांवरून आपल्याच पूर्वजांची भाषा शिकतात. त्यातल्या एका वहीत बाईंच्या आजीच्या मावशीने सांगितलेले शब्द आहेत. ते पान मी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली.

मी तुझी पत्रं उघडते तेव्हा त्या शेजारी येऊन बसतात. अर्थ नको, नुसतं वाच म्हणतात. तुझ्या बोलण्याचा आवाज त्यांना ऐकायचा असतो.

माझा मित्र कौस्तुभ डिसेंबरअखेर पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर बाईंनी तुझ्यासाठी काही पाठवलं आहे. त्यांनी स्वतः केलंय. आवडलं तर मला दोन ओळी लिही.

डोळ्याला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
गौतमी


॥ श्री ॥
माले
१४ जानेवारी २०२५

चि. गौतमीस,
आशीर्वाद. डॉक्टरनं म्हैनाभर लिहू-वाचू नको सांगितलं हुतं, म्हनून उशीर. आता लख्ख दिसतंय. नको त्ये बी दिसतंय.

आज संक्रांत हाय. आज गोड बोलायचं असतं, पन मला आज जमायचं न्हाई.

माज्या आपरेशनच्या दिवशी तुजा फोन आला त्यो चार मिन्टं. त्यातलं एक मिनिट आवाज तुटत हुता. तरी मी लेक कामाची हाय म्हनून मिरवलं. मंग गेल्या बुधवारी निरंजननं त्याच्या फोनवर तुजे फोटू दावले. कानसुलो घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर तू आठ दिस रजा टाकून तिच्या उशाशी. एका फोटूत तिला चमच्यानं सूप पाजतीस. एका फोटूत तिची वेनी घालतीस. मला सांग, माजी वेनी तू कदी घातलीस?

तुज्या कौस्तुभनं तिचा हार आनून दिला. शंखाचं बारीक बारीक पांढरं मनी. त्यो पोरगा बिचारा चहा पिऊन गेला. त्यो गेल्यावर मी त्यो हार चंद्रीच्या गळ्यात बांदला. म्हशीला शोभतोय. तू आवडला तर लिही म्हनलीस, तर लिहिते, चंद्रीला आवडला.

रागावशील. रागाव. मी बी धा वर्सं एक राग पोटात ठिवलाय, आज काढते. तुला पदवी मिळाली तवा मी नि आबा पुन्याला आलो हुतो. नवं लुगडं घेतलं हुतं. तुजी बाई, ती मोठी प्रोफेसर, लई गोड बोलली. तिनं इचारलं, प्रवास कसा झाला. मी सांगाय लागले की हितं लई गर्दी हाय, आमच्याकडं असं न्हाई. तर तू माज्या कानात म्हनलीस, आई, तू बोलू नकोस, मी सांगते. आन् तिला म्हनलीस, आई थकली आहे. मी थकले नव्हते गौतमी. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून, पदर तोंडाला लावून तासभर बसले. आबांना वाटलं दात दुकतोय.

पाचवीत तुला पुन्याच्या वसतिगृहात घातलं. दिवाळीला आलीस ती बामनासारखी बोलतच आलीस. हाय गेलं, न्हाई गेलं, समदं टाकून आलीस. मी म्हनलं, शिकतीया, असू दे. आन् आता सात समिंदर वलांडून एका परक्या म्हातारीची मेलेली भाषा गोळा करतीस, तिच्या एकेका शब्दावर हात फिरवतीस. माज्या शब्दांची तुला लाज वाटली ती वाटलीच.

तिचं बोलनं ऱ्हायलं न्हाई म्हनून ग्वाड झालं काय? मंग माजं बी सरू दे. तवर पत्र लिहू नको.

लोभाचं काय लिहीत न्हाई.
सारजाबाई


सांता बार्बरा
५ फेब्रुवारी २०२५

ति. आईस,
नमस्कार. लिहू नको म्हणालीस तरी लिहिते आहे.

पत्र आलं तेव्हा बाई खुर्चीत बसल्या होत्या. नेहमीसारखं मोठ्याने वाचत गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. हाराच्या ओळीपाशी मी अडखळले. त्यांनी विचारलं, आईला मणी आवडले का? मी हो म्हणाले. त्यांच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते तुझ्यापायी.

तो हार म्हणजे काय होतं ते तुला सांगते. मणी करणारी माणसं अशीच या लोकांची जुनी ओळख. बाई बोटांच्या संधिवाताने कप नीट धरू शकत नाहीत. त्यांनी किनाऱ्यावरून शंख वेचले, एकेक तुकडा दगडावर घासला, त्याला भोक पाडलं. चाळीस मणी. अडीच महिने लागले. अर्धे फुटले ते वेगळेच. त्यांना मूल नाही. आयुष्यात त्यांनी असा एकच हार केला आणि तो तुला पाठवला.

त्या पडल्या तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना जमिनीवर सोडून अहवाल लिहीत बसायला हवं होतं का? तुझ्याजवळ आबा, निरंजन, सायली, सगळे आहेत. एका एकट्या म्हातारीचा हेवा करताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

पुण्याच्या त्या दिवसाबद्दल मला आत्ता काही लिहिता येत नाही.

गौतमी


माले
९ मार्च २०२५

प्रिय गौतमीताई,
नमस्कार. मी सायली. माझं अक्षर बघून दचकू नका, सगळे ठीक आहेत. हे पत्र मी आईंना न सांगता लिहिते आहे, पौडला दळण आणायला जाते तेव्हा टाकीन.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आईंनी ते वाचलं, घडी घातली आणि थेट गोठ्यात गेल्या. चंद्रीच्या गळ्यात हार नव्हता. तिने ओढ्यावर डुंबताना कधीतरी तोडला होता, आम्हाला पत्ताच नाही. आई तशाच ओढ्यावर गेल्या. दोन दिवस चिखल चाळणीत घेऊन घेऊन धूत होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ऊन, मी मागे लागले तर माझ्यावरच खेकसल्या. एकतीस मणी मिळाले. तिसऱ्या दिवशी मीही गेले, पण आणखी नाही मिळाले. ते त्यांनी देव्हाऱ्यात वाटीत ठेवलेत आणि कुणी विचारलं तर तांदळातले खडे आहेत म्हणतात.

पत्र लिहायला बसतात. चि. गौतमीस इतकं लिहून कागद फाडतात. पोस्टमनची गाडी वाजली की दारात जातात.

ताई, एक खरं सांगू? राग मानू नका. मी इथे रोज त्यांच्याबरोबर असते. चूल, गोठा, शेत, डोळ्यात थेंब घालणं, सगळं मी करते. पण त्यांचा रागसुद्धा तुमच्याच वाट्याला येतो, मला फक्त खेकसणं मिळतं. मला कधी कधी तुमचा फार हेवा वाटतो. तुम्ही त्या बाईंची वेणी घातलीत त्या फोटोवरून आई आठवडाभर जळत होत्या, आणि त्यांची वेणी रोज मीच घालते.

तुम्ही लिहा. त्या लिहिणार नाहीत, म्हणून तुम्हीच लिहा.

आहे तसाच जिव्हाळा राहू द्यावा.
तुमची,
सायली


सांता बार्बरा
२ एप्रिल २०२५

ति. आईस,
साष्टांग नमस्कार. हे पत्र मी पाच वेळा सुरू केलं.

पुण्याचा तो दिवस मला आठवतो. तुझ्या लुगड्याचा रंगही आठवतो, जांभळा, हिरव्या काठाचा. मी विसरले असेन अशी तुझी समजूत असेल. पाचवीत वसतिगृहात पहिल्या आठवड्यात वर्गावरच्या बाईंनी मला विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. मी म्हणाले, आमी चौगं असतुया. अख्खा वर्ग हसला, बाईही हसल्या. मग वर्षभर मुली मला असतुया म्हणून हाक मारायच्या. मी तुला कधी सांगितलं नाही. दहा वर्षांनी प्रोफेसरबाईंसमोर तू तोंड उघडलंस तेव्हा मला तो वर्ग ऐकू आला. मी तुला नव्हे, स्वतःला गप्प केलं, असं लिहिलं तर ते छान वाटेल, पण खरं नाही. मी तुलाच गप्प केलं. मला लाज वाटली होती. आज त्या लाजेची लाज वाटते. माफ कर असं मागायचीही हिंमत होत नाही, पण मागते.

मी कोन्सुएलोबाईंना सगळं खरं सांगितलं. म्हशीचंही. त्या आधी इतक्या हसल्या की खुबा दुखला. मग म्हणाल्या, आता तुझ्या आईचं ते रागाचं पत्र पुन्हा वाच आणि या वेळी अर्थ सांग. मी ओळ न ओळ सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला पत्र सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. त्यांची एक अट होती. हे पत्र मी पुस्तकी मराठीत उतरवायचं नाही, तू बोलतेस तसं उतरवायचं. वीस वर्षांत मी तसं एक वाक्य बोलले नव्हते. दोन ओळी लिहायला अख्खी दुपार गेली. चुकलं असेल तर समजून घे.

     सारजाबाईस,
     कोन्सुएलोचा नमस्कार.
     तुमी माजा हेवा करता ह्ये कळलं. मला कुनी आजपतुर हेवा करन्याजोगी समजली नव्हती, म्हनून पयल्यांदा बरंच वाटलं. पन खरं सांगू का, मी तुमचा हेवा तुमच्या आदीपासनं करतीया. तुमच्या पयल्या पत्रापासनं.
     माज्या आजीला आमची भाषा थोडी येत हुती. आईला साळंत मारून ती इसरायला लावली. आईनं आमा भावंडांशी ती बोललीच न्हाई. तिच्या तोंडून मी तीनच शब्द ऐकले. एक गप, एक गरम, आन् एक शिवी, तिचा अर्थ अजून कुटल्या कागदात घावला न्हाई. बाकी समदं मी साठी उलटल्यावर वहीतनं शिकले. मला माज्या भाषेत नमस्कार येतो, आभार येत्यात, पाखरांची नि माशांची नावं येत्यात. पन भांडता येत न्हाई. आमच्या आज्या कशा भांडायच्या, त्ये कुनी लिहून ठिवलेलं आमाला अजून गावलं न्हाई.
     आन् तुमी! तुमी लेकीवर पानंच्या पानं रागावता, एक शब्द हुडकावा लागत न्हाई. ती ऐकती, तिला लागतं, ती रडती. माजी आई माज्यावर तिच्या भाषेत असं एकदा रागावली असती, तर मी त्यो कागद उशाखाली घिऊन निजले असते.
     तुमची लेक माजी न्हाई. ती मला कागद वाचून देती, पन चालताना मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत असती, मला दिसतं. माजं मनी म्हशीनं घातलं त्ये बेस केलं. पन लेकीला लिहिनं बंद करू नका. तुमचा राग ऐकायची मला सवय लागलीया.
     कोन्सुएलो

आई, एवढंच. उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन.
तुझी,
गौतमी


॥ श्री ॥
माले
४ मे २०२५

चि. गौतमीस,
आईचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. कानसुलोबाईचं पत्र मी आबांना मोठ्यानं वाचून दावलं. त्ये म्हनले, ही बाई आपल्या माल्याचीच दिसती. मी म्हनलं, न्हाई, आपल्या लेकीनं लिहिलंय. तर त्ये उठून भायेर गेले नि लई येळ आंब्याखाली हुबं ऱ्हायले.

एक चूक केलीस. बेस केलं, असं आपल्याकडं कोन म्हनत न्हाई. त्ये कुटल्या नाटकातनं उचललंस? आपन निस्तं बरं केलं म्हनतो. बाकी झ्याक जमलंय.

तुजा वर्ग हसला हुता, त्ये मला तवाच का सांगितलं न्हाईस? मी त्या बाईच्या दारात जाऊन तिला आमी चौगं कोन कोन असतुया त्ये नावानिशी सांगितलं असतं. धा वर्सं मी एकटीच रुसले हुते. तू तर माज्या आदीपासनं गप हुतीस. जाऊ दे. माफी मागितलीस, दिली. पुन्यांदा मागू नको, अवघडल्यासारखं हुतं.

आता माजं. हार तुटला. चंद्रीनं तोडला, पन गळ्यात मी बांदला हुता, म्हंजी मीच तोडला. चाळीसातलं एकतीस गावलं. नऊ ओढ्यानं न्हेलं. सायलीनं तुला आदीच कळवलं असंल, ती दळन घिऊन दोन तासांनी आली तवाच मला संशय आला हुता. ती पोर चांगली हाय. तिच्याशी मी नीट बोलत न्हाई, त्ये बी आता बगते. तिला संगं घिऊन मी मनी दोऱ्यात ववलं. आता गळ्यात घालते. तोकडा हुतोय, पन बसतोय.

कानसुलोबाईला मी सोता सांगनार हाय. पत्रानं न्हाई. निरंजनला म्हनलं, फोनवर तिचं तोंड दिसंल असं लाव. तिचं बोट दुकत असंल तर तिळाच्या तेलात वावडिंग टाकून चोळाय सांग. आन् तिला म्हनावं, तुमचा हेवा मी अजून करतेच, पन आता जरा कमी करते.

लोभ हाय. न्हाई म्हनले हुते, त्ये खोटं हुतं.
तुजी,
आई


सांता बार्बरा
१५ जून २०२५

ति. आईस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारच्या फोनवरून मी तुझ्यावर रागावले आहे. बाईंनी तुला हाकू म्हटलं, तू हात जोडलेस, तिथपर्यंत मी होते. तुमच्या दोघींचं मी भाषांतर करणार, म्हणून वही-पेन घेऊन सज्ज बसले होते. तू हार दाखवलास, काहीतरी सांगायला लागलीस, मी तोंड उघडलं, तर बाईंनी हाताने मला थांबवलं आणि तूही तिकडून मला बाहेर जा म्हणालीस. दोघींनी मिळून मला घराबाहेर काढलं! मी अंगणात लिंबाच्या झाडापाशी पाऊण तास उभी. आतून तुझा आवाज येत होता, त्यांचा येत होता, मग दोघींचं हसणं, मग कुणीतरी रडलं, कोण ते कळलं नाही. तुम्हाला एकमेकींचा एक शब्द समजत नाही. बोललात तरी काय?

बाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसतात. परवा पुन्हा फोन झाला म्हणे, तेव्हा मी विद्यापीठात होते. आता त्या मला सूप करून दे म्हणत नाहीत, सारजाबाईने सांगितलं तसं तेल आण म्हणतात. मला हे शोभत नाही, पण लिहिते. मला तुम्हा दोघींचा हेवा वाटतो. दोघीही माझ्या होतात ना?

जुलैत तीन आठवडे येते आहे. तिकीट काढलं. आवणी चालू असेल, भाताच्या लावणीला माझेही दोन हात. आणि एक विचारायचं आहे. चांगलं ध्वनिमुद्रण करणारं यंत्र आणू का? तुझं बोलणं, शेतातले शब्द, घरातले शब्द, सगळं नीट नोंदवून ठेवावं असं फार वाटतं.

मला वगळून का होईना, पण माया करत राहा.
तुझी,
गौतमी


॥ श्री ॥
माले
५ जुलै २०२५

चि. गौतमीस,
आईचे आशीर्वाद, नि पाठीत एक धपाटा.

तू येतीस म्हनून आबांनी वरच्या खोलीतली समदी पोती काढली. मी लागले सायलीसंगं रोपं उपटाय. ह्ये पत्र तू निघंस्तवर पोचतंय का न्हाई कुनास ठाव, म्हनून निरंजनला ह्याचा फोटू काडून धाडाय सांगते. त्यानं वाचलं तर वाचलं.

आमी काय बोललो त्ये तुला सांगनार न्हाई. कानसुलोबाई बी सांगायची न्हाई, आमचं ठरलंय. कसं ठरलं इचारू नको. तू लई शिकलीस, समद्या जगाच्या बोलन्याच्या मदी जाऊन बसतीस. आमच्या दोघींच्या मदी बसायचं काम न्हाई. पोटात दुकतंय ना? दुकू दे. मी म्हैनंच्या म्हैनं सोसलंय, तुला तीन आठवडं काय हुत न्हाई.

आन् त्या यंत्राचं. आनू नको. त्या बाईच्या आज्या गेल्या, आई गप ऱ्हायली, म्हनून ती कागदं उकरतीया. तिच्यापायी तू राबतीस त्ये मला आता पटलंय, तिचं काम अर्धं सोडू नको. पन मी अजून जित्ती हाय गं. लिहून काय घेतीस माजं? शेतात चिखलात उतर, माज्या शेजारी हुबी ऱ्हा, आन् मी काय इचारलं तर उलट बोल. जवाब दे. अडलीस तर हास, आमी बी हसू, आन् तुज्या त्या वर्गासारखं न्हाई हसायचो. तीन आठवडं घरात पुस्तकी बोलायचं न्हाई. पयलं वाक्य कुटलं बोलनार, त्याचा इमानात इचार करून ये.

लोभ हाय का न्हाई, त्ये पत्रात इचारत बसू नको. हितं यी नि बग.
तुजी,
आई